शब्बीरचा ग्रोस आणि माझा मोल

शब्बीर गेल्याचं मला तीन दिवसांनी कळलं. अमळनेरच्या ज्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवतो, तिथल्या ऑफिसात धुळ्याहून आमच्या एका वर्गमित्राचा फोन आला. "आपला शब्बीर गेला रे, बटणवाला. दुकानातच छातीत कळ आली…" पस्तिशीही गाठली नव्हती त्यानं. फोन ठेवताना मला रडू आलं नाही. मनात आलं ते एवढंच, की त्याला उत्तर द्यायचं राहून गेलं. स्वतःची लाज वाटली, पण खरं ते हेच.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अकरावीला धुळ्यात, देवपूरच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. मी खेड्यातून येऊन खोली करून राहिलेला, तर तो धुळ्याचाच. पेठेत त्याच्या अब्बांचं बटणं, दोरे, चेन आणि अस्तराचं दुकान होतं. एके दिवशी सरांनी फळ्यावर सहा पूर्णांक शून्य दोन दोन लिहून पुढे दहाचा तेविसावा घात मांडला आणि म्हणाले, "एका मोलात इतके कण. पाठ करा." मी पाठ केलं. पण ग्रॅमचे मोल करताना गुणायचं की भागायचं, ते मी नशिबावर सोडायचो. पहिल्या चाचणीत वीसपैकी तीन पडले. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, त्यांनी स्वच्छ सांगितलं की सायन्स झेपत नसेल तर आर्ट्सला नाव घाल. मला ते मुळीच नको होतं आणि मोल काही केल्या डोक्यात शिरत नव्हता.

रविवारी मी शब्बीरच्या दुकानात जाऊन बसायचो. शिंपी बटणं ग्रोसवर न्यायचे. ग्रोस म्हणजे बारा डझन, एकशे चव्वेचाळीस नग. इतकी बटणं रोज मोजत कोण बसणार? म्हणून अब्बांनी दर जातीच्या बटणाच्या एका ग्रोसचं वजन काढून ठेवलं होतं. तेवढं तराजूत टाकायचं, की झाला ग्रोस. एका रविवारी गर्दीत मीही हात लावला आणि एका म्हाताऱ्या शिंप्याला कोटाच्या बटणांचा ग्रोस तोलून दिला. तासाभरात तो अहिराणीत तणतणत परत आला. "हाऊ ग्रोस शे का तुना? छत्तीसच बटनं निंघनात!" मी शर्टाच्या बटणाचं वजन लावून कोटाची बटणं तोलली होती. कोटाचं बटण चौपट जड, मग दुसरं काय होणार! मी ओशाळलो. शब्बीरनं शिंप्याला उरलेली बटणं मोजून दिली, आणि तो वळताच खो खो हसत सुटला. "पेपरमा बी हाईच करस तू!"

मग त्यानं माझी चाचणीची वही मागितली. चाचणीत मी लिहिलं होतं, दोन ग्रॅम हायड्रोजन आणि एक ग्रॅम ऑक्सिजन मिळून पाणी. त्यानं गल्ल्यावर शर्टाची दोन बटणं ठेवली, शेजारी कोटाचं एक. "हे पाणी समज. एक ग्रोस पाणी करायला शर्टाचे दोन ग्रोस लागतील आणि कोटाचा एक. नग ठरलेले, वजन ज्याचं त्याचं." ऑक्सिजनचा कण हायड्रोजनच्या सोळापट जड, म्हणून दोन ग्रॅम हायड्रोजनला सोळा ग्रॅम ऑक्सिजन कुठून येतो, ते मला त्या क्षणी दिसलं. अक्षरशः दिसलं! पुढचं तो मास्तरासारखं बोट नाचवत म्हणाला. "वजन दिधं तरी पहिले ग्रोस कर, नग दिधात तरी पहिले ग्रोस कर. मंग कथा जानं तथा जा." चोपन्न ग्रॅम पाणी? दोन आणि सोळा मिळून एक मोल अठरा ग्रॅमचा; अठरानं भाग, तीन मोल. आता रेणू हवेत? त्या तिनाला सरांच्या लांबलचक आकड्यानं गुण. म्हणजे हवं तिकडे जा, पण मोलाच्या उंबऱ्यावरूनच. माझं सायन्स त्या गल्ल्यावर वाचलं.

पण शब्बीर तिथं थांबणारा नव्हता. "आमचा ग्रोस अब्बांनी एकदा हातानं मोजला, तवा त्याचं वजन कळलं. मंग हाऊ तेवीस घातवाला पहिले मोजा कोनी?" मी सरांना विचारलं. ते म्हणाले, परीक्षेला येत नाही. बारावीच्या मध्यावर अब्बांना अर्धांगवायू झाला आणि शब्बीर गल्ल्यावर बसला तो कायमचा. मी पुढे शिकत गेलो. दर सुट्टीत भेटलो की चहा मागवून तो पहिलं हेच विचारायचा, "सापडला का तो मोजणारा?" एम.एस्सी.ला मला उत्तर सापडलं. त्यानंतर आठ वर्षांत कितीदा तरी भेटलो… कधी दुकानात गर्दी, कधी माझी एस.टी. सुटत होती. सांगायला निवांत वेळ हवा, असं मी म्हणत राहिलो. खरं सांगू? तो मला विचारतो, याचं मला सुख होतं.

महिन्यानं धुळ्याला गेलो. गल्ल्यावर शब्बीरच्या पत्नी, जुबेदाभाभी होत्या. नवीन बटणांचा डबा फोडून त्या एकेक नग बाजूला सारत होत्या. मी तोंड उघडलं तशी त्यांनी हात वर केला. "थांबा भाऊ, मोजते." त्या शिंप्याच्या प्रकारानंतर शब्बीरनं नेम केला होता, नव्या बटणाचा पहिला ग्रोस हातानंच मोजायचा आणि वजन झाकणावर लिहायचं. एकशे चव्वेचाळीस होईपर्यंत मी थांबलो. त्यांनी वजन केलं, झाकणावर लिहिलं, चहा सांगितला. तो आल्यावर मी म्हटलं, "भाभी, शब्बीरला एक सांगायचं होतं."

आणि सांगितलं. एक मोल चांदी भांड्यावर चढवायला किती वीज लागते, ते लोकांनी आधीच मोजलं होतं. चांदीच्या एका कणामागे विजेचा एक कण खर्ची पडतो. पुढे विजेच्या एका कणावर किती वीज असते तेही कळलं. मग नुसता भागाकार: एका मोलाच्या विजेला एका कणाच्या विजेनं भागलं, की झाला तो आकडा.

"म्हणजे हातानं कोणी मोजलंच नाही?"

"नाही."

"ते म्हणायचे, कोणीतरी बसला असेल बिचारा मोजत, मला त्याला भेटायचंय." त्या थोडं हसल्या. "खूश झाले असते. चहा घ्या भाऊ."

मी कप उचलला. चहा अजून गरम होता.