कबुतरवाल्याची साक्ष

कबुतरवाल्याची साक्ष आमच्याकडे कोणी धरत नाही. शेजाऱ्याचं चुकलेलं कबुतर गच्चीवर उतरलं, की तो ते सरळ आपल्या खुराड्यात कोंडतो आणि वर शपथ घेतो, की हे माझ्याच घरी अंड्यातून निघालं. सीरियात, होम्स शहरात असताना अबू तम्मामने असल्या शपथा तीस वर्षं घेतल्या. "खोटं बोलत असेन तर माझ्या बायकोला तलाक!" ही त्याची लाडकी शपथ. बायको चहा ओतता ओतता म्हणायची, "आजवर सतरा तलाक झाले माझे. तरी भांडी मीच घासते."

इथे लेबनॉनमध्ये, बेकाच्या खोऱ्यातल्या निर्वासितांच्या छावणीत तो माझा शेजारी. सीमा ओलांडताना लोकांनी दागिने आणले, घरांचे कागद आणले. या बाबाने कोटाच्या आत लपवून कबुतरांची एक जोडी आणली. मोसंब्यांच्या खोक्यांचं खुराडं करून तंबूला टेकवलं आणि संसार थाटला.

माझ्या लेकीचं, रघदचं लग्न ठरलं तेव्हा तो नवा सदरा घालून आला. "उम्म शाहेर, लग्नाच्या करारावर साक्षीदार म्हणून मी चालेन का हो?"

"तुम्ही? निकाह लावणारे शेखसाहेब कागदच फाडतील!"

तोही हसला. पण चहा अर्धाच ठेवून गेला. माझी जीभ अशीच आहे, आधी चालते आणि मग मला कळवते.

डिसेंबरचे दहा दिवस गेले असतील. एका सकाळी अबू तम्माम तंबूतंबूवर थापा मारत ओरडायला लागला, "उठा! गुरुवारच्या आत बर्फ येतोय!"

कोणी हललं नाही. हिवाळ्याची चाळिशी, म्हणजे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, एकवीस तारखेला लागते आणि त्याआधी बर्फ पडत नाही, हे आमच्या पणजोबांच्या काळापासून ठरलेलं. शिवाय चाळिशीच्या आत नव्या ताडपत्र्या देऊ, असं मदतवाल्यांनी सांगितलेलं. मग जुनी ठिगळं कशाला जोडायची? माझं छप्पर मधोमध झोळीसारखं लोंबत होतं, आणि मी खुशाल बरणीत वांगी भरून त्यांच्यावर तेल ओतत बसले होते.

"कोणी सांगितलं हो तुम्हाला?" मी विचारलं.

"पाखरांनी. पिसं फुगवून बसलीत. दाण्याला शिवत नाहीत."

"शपथ?"

"अल्लाची शपथ! खोटं असेल तर माझ्या बायकोला..."

"अठरा," आतून बायकोचा आवाज आला.

सगळे खो खो हसले. अबू तम्माम मात्र हसला नाही. त्याने खुराड्यातून दोन्ही पाखरं काढून छातीशी धरली आणि म्हणाला, "गुरुवारपर्यंत बर्फ पडला नाही, तर ही जोडी उम्म शाहेरच्या पातेल्यात. मी माझ्या हाताने कापून देईन."

हसणं बंद. बायकोला पणाला लावणारे कबुतरवाले मी ढिगाने पाहिलेत. कबुतर पणाला लावणारा एकही नाही. वांगी टाकून पहिली उठले ती मी.

तीन दिवस छावणीत कोणाला उसंत नव्हती. आम्ही चारी बाजूंनी चर खणले. मधले खांब उंच केले, म्हणजे बर्फ साचायच्या ऐवजी घसरेल. वाऱ्याने उडू नये म्हणून छपराच्या मध्यावर टाकलेले जुने टायर कडेला आणले. तेलाचे डबे कापून शेगडीच्या धुराच्या नळीभोवती पत्रा बसवला, नाहीतर थंडीने मरायच्या आधी आगीनेच मेलो असतो. ताडपत्री कमी पडली तिथे रस्त्यावरच्या जाहिरातींचं जुनं कापड लावलं. माझ्या वाट्याला केस उडवणारी शाम्पूवाली बाई आली. अबू तम्माम कबुतरांना घालतो तशी शीळ घालायचा आणि गडीमाणसं वळून धावत यायची. इतकी हसले त्या तीन दिवसांत, की पोट दुखलं.

गुरुवार उजाडला तो लख्ख. ऊन असं, की बायकांनी गोधड्या वाळत घातल्या. आमच्यातल्या टवाळांनी "पातेलं चढवा!" म्हणून गलका केला.

दुपारी अबू तम्माम आला. एका हातात फडक्यात गुंडाळलेली जोडी, दुसऱ्या हातात सुरी. "बोललो ते बोललो, उम्म शाहेर."

त्याने जोडी पुढे केली, पण फडकं काही सोडलं नाही. या खेपेला मी जिभेला आधी आवरलं. "आज पाखरांत भरायला गहू निवडलेले नाहीत," मी कसंबसं म्हटलं. "नुसतं कबुतर काय शिजवू? उद्या आणा."

"लोक बघतायत. आजच होऊ दे."

"पातेलं माझं! उद्या म्हणजे उद्या!"

शुक्रवारी नमाजानंतर वारा सुटला आणि मग बर्फ सुरू झाला तो शनिवारी सकाळी थांबला. बाहेर गुडघाभर. पण माझ्या शाम्पूवालीच्या केसांवरून तो सरसर घसरून चरात पडत होता. आमचा एकही तंबू बसला नाही.

मी वाटीभर दाणे घेऊन खुराड्याशी गेले. "एका दिवसाने चुकली, पण हुशार आहेत हो तुमची पाखरं."

अबू तम्मामने मान खाली घातली. "पाखरं काही बोललीच नव्हती. नेहमीसारखी हादडत होती. मी मदतवाल्यांकडे ताडपत्र्यांची चौकशी करायला गेलो होतो. नव्या वर्षाआधी येणार नाहीत म्हणाले. परत आलो आणि तुमचं छप्पर पाहिलं. खरं सांगितलं असतं, तर तुम्ही सगळे तिकडे भांडायला गेला असता आणि मग चाळिशीची वाट बघत बसला असता."

"म्हणजे खोटी शपथ?"

"साफ खोटी."

"आणि पाखरं? कापली असती?"

बायको म्हणाली, "सुरीला धार लावताना लहान पोरासारखा रडत होता. मला अठरा वेळा सोडलं, तेव्हा डोळ्यांत टिपूस नाही!" आणि तिनेच डोळे पुसले. मीही पुसले, का खोटं बोलू?

पुढच्या गुरुवारी माझ्याच छपराखाली रघदचा निकाह लागला. शेखसाहेबांनी पहिल्या साक्षीदाराची सही घेतली आणि विचारलं, "दुसरा कोण?"

"अबू तम्माम," मी पडद्याआडून म्हणाले.

शेखसाहेबांचा हात थांबला. "कबुतरवाला? अहो, तो खोटं बोलतो!"

"बोलतो ना. म्हणून तर छप्पर आहे डोक्यावर. लिहा त्याचं नाव."