साडेपाच तास

उपग्रहाच्या फोटोवरची वेळ ग्रीनिचची असते, तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ येते. हे मी नववीच्या पोरांकडून इतकं घोकून घेतलं होतं, की झोपेतून उठवलं असतं तरी त्यांनी आधी साडेपाच मिळवले असते. मी शिकवताना कुणी मध्ये बोललेलं मला खपायचं नाही. एकदा नजर टाकली की वर्ग गप्प, आणि त्याचा मला अभिमानही होता.

भोकरदन तालुक्यातल्या एका गावात मी विज्ञान शिकवते. फळ्यावर बाण काढून वारे शिकवायचा कंटाळा आला, तेव्हा मोबाईलवर ढगांचे फोटो दाखवायला लागले. एका फोटोतला ढग पुढच्या फोटोत किती सरकला, ते पोरं पट्टीने मोजायची. त्यावरून वेग काढायची आणि पाऊस आपल्याकडे कधी पोचेल ते शाळेच्या दारातल्या फळ्यावर लिहायची. आधी गावाने टिंगल केली. मग दोनदा पाऊस लिहिल्या वेळेला आला आणि डेअरीवर दूध घालून परतणारी माणसं फळ्यापुढे गाड्या थांबवू लागली. मी हवेत होते, खोटं कशाला बोलू.

त्या ऑक्टोबरात सोंगणी होऊन कापलेलं सोयाबीन शेताशेतांत पडलं होतं. एका सकाळी शाळेचं नेट बंद, म्हणून शिक्षकांच्या ग्रुपवर आलेले दोन फोटो घेतले. शेवटच्या फोटोवर चारची वेळ होती. साडेपाच मिळवले, साडेनऊ झाले. दक्षिणेकडून येणारा ढग तेव्हा आमच्यापासून सात तासांवर होता. फळ्यावर लिहून टाकलं: पाऊस साडेचारच्या सुमारास.

वर्गातल्या एका मुलीच्या घरचं सगळं सोयाबीन रानात पसरलेलं होतं. वडील सकाळीच गोळा करून गंजी लावणार होते. तिने माझ्याच फोनवरून त्यांना साडेचारची वेळ सांगितली. तेही म्हणाले, मग दुपारपर्यंत वाळू दे. कामाच्या बायांना त्यांनी दोन वाजता यायला सांगितलं.

दुसऱ्या तासाला वर्गातला उजेड कमी झाला. खिडकीतून पाहिलं तर दक्षिणेकडचं आभाळ काळंभोर. भटका ढग असेल म्हणून मी शिकवत राहिले, पण मन लागेना. फोन काढून फोटो मोठा केला. कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरांत भारतीय वेळ असं लिहिलेलं होतं. कुणीतरी साडेपाच तास आधीच मिळवले होते, आणि मी ते पुन्हा मिळवले होते. म्हणजे पाऊस साडेचारला नाही, अकराला. घड्याळात पावणेअकरा झाले होते.

पहिला विचार आला तो फळ्याचा, गाव आता काय म्हणेल याचा. सोयाबीन त्यानंतर आठवलं, आणि याची मला अजून लाज वाटते. त्या मुलीच्या वडिलांना तीनदा फोन लावला, कुणी उचलला नाही. मुख्याध्यापकांना सांगून मी तिला स्कूटीवर मागे बसवलं. राजूरच्या रस्त्याने निघालो आणि पुढे शेतातल्या कच्च्या वाटेला लागलो. दोनदा गाडी घसरली. भिजलं तर शेंगेतच कोंब फुटतात, एवढंच डोक्यात घुमत होतं.

आभाळ बघून तिच्या आईवडिलांनी आधीच गोळा करायला घेतलं होतं. आम्ही दोघीही वाकलो. कवेत भरायचं, गंजीवर टाकायचं, पुन्हा पळायचं. थेंब सुरू झाले तेव्हा निम्मं ताडपत्रीखाली गेलं होतं. बाकीचं आमच्या डोळ्यांदेखत भिजलं.

"मॅडम, साडेचार म्हनल्या व्हत्या ना?" वडिलांनी शांतपणे विचारलं.

मी सगळं सांगितलं. चूक माझी, पोरांची नाही, हेही सांगितलं. त्यांनी मान हलवली. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "अप्पा, मला सकाळीच दिसलं व्हतं. कोपऱ्यात आपलीच वेळ लिव्हेल व्हती."

"मंग फोनवर साडेचार कामून सांगितलं?"

"मॅडमनी साडेपाच मिळवले. मला वाटलं, मॅडमचंच बराबर असंल."

पाऊस आता चांगलाच लागला होता. ते माझ्यावर ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी ताडपत्रीचं सुटलेलं टोक दगडाखाली दाबलं आणि उठून माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, हिला वर्गात बोलू देत जा."