स्टेडियममधला हुर्डा

भर स्टेडियमच्या दारात गुरांचं खाद्य मूठ मूठ तोंडात टाकणारा, आणि वर ते येणाऱ्याजाणाऱ्याला आग्रहाने वाढणारा प्रोफेसर साऱ्या अमेरिकेत एकच होता, आणि तो नेमका माझ्या मावशीचा दीर निघाला. मी मुंबईच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी मुलगी. एम.एस. करायला निघाले तेव्हा मावशी म्हणाली होती, "काळजी नको करूस, भाऊजी आहेत तिथे. अगदी साधा माणूस." मावशीने भाऊजींना कित्येक वर्षांत पाहिलेलं नव्हतं, हे मला विमानतळावर कळलं. पिवळाधमक कोट, पिवळी पँट, पिवळी टोपी, आणि हातात फुलांच्या जागी एक कणीस. "ओळख बघू!" काकांनी नमस्काराच्या आधी विचारलं. मी भीत भीत म्हटलं, "मका?" काकांचा चेहरा पडला. ती ज्वारी होती. "कॉन्व्हेंट!" ते काकूंकडे वळून म्हणाले. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगावं तसं. पुढे माझ्या हातून काहीही चुकलं, भाकरी फाटली काय किंवा ओढा आणि नाला यांत गोंधळ झाला काय, काकांचं निदान तेच असायचं.

काका मूळचे सोलापूरकडचे. प्रेअरीतल्या ज्या विद्यापीठात मी शिकायला आले होते, तिथेच, माझ्याच विभागात, ते ज्वारीवर संशोधन करत. सपाट, वाऱ्याने झोडपलेल्या त्या मुलखात ज्वारी मैलोन्‌मैल पिकते, पण तिला मायलो म्हणतात आणि ती फक्त गुरांना घालतात. हे काकांना जिव्हारी लागलं होतं. गावाकडची ज्वारी आणि इथली मायलो यांचा संकर करून, इथली हवा सोसेल आणि जिची भाकरीही थापता येईल अशी ज्वारी काढायची, या एका ध्यासापायी त्यांनी स्टेडियमच्या भिंतीला लागून असलेल्या तुकड्यावर आयुष्यातली चांगली वर्षं घातली होती. तिथली कणसं ते अशी कुरवाळत की बघणाऱ्याने नजर दुसरीकडे वळवावी.

त्यांच्या ऑफिसात शेतकरी न विचारता, चिखलाचे बूट घेऊन शिरत. पीएच.डी.ची मुलं बाहेर ताटकळत आणि आत खुर्चीवर अर्ल नावाचा लालबुंद शेतकरी टोपीने वारा घेत बसलेला. चर्चच्या जेवणावळीला प्रत्येकाने घरून काहीतरी न्यायचं असे. काका डबाभर भाकरी आणि ठेचा नेत. पहिल्यांदा ठेचा खाल्ल्यावर अर्लच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "डॉक," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तुमच्या देशात हे पोटात घेतात की वरून चोळतात?"

पण खरा धक्का मला पहिल्या मॅचच्या दिवशी बसला. विद्यापीठाच्या टीमचा रंग पिवळा. मुलं तोंडाला रंग फासून येत. काकांनी काकूंच्या मिसळणाच्या डब्यातली हळद तेलात कालवली आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत माखली. "अहो, लग्नातसुद्धा एवढी लावली नव्हती!" काकू म्हणाल्या. "लग्नात मॅच कुठे होती?" काकांनी विचारलं. रंग धुतल्यावर जातो, हळद जात नाही. सोमवारी विभागप्रमुखांसमोर काका पिवळ्या कानांनी वनस्पतींच्या आनुवंशिकतेवर बोलत उभे होते आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मीच तेवढी शरमेने वहीत तोंड खुपसून बसले होते. अमेरिकन फुटबॉल ही त्यांच्या मते कबड्डी होती, फक्त यात दम धरायचा नसतो आणि मध्ये मध्ये बैठका भरतात. "अरे पाय धर त्याचा! पाय!" ते मराठीत ओरडत. टीम बहुधा हरायची. काका घसा बसवून घरी येत आणि जेवायला भाकरी मागत.

एका उन्हाळ्याच्या शेवटी मात्र त्यांनी भाकरी मागितली नाही. विद्यापीठाने ठरवलं होतं की सीझन संपला की ज्वारीच्या तुकड्यावर खडी टाकून पार्किंग करायचं. "मॅचला एवढी माणसं येतात, गाड्या कुठे लावतील बिचारी?" काका आम्हालाच समजावू लागले आणि ताटावरून उठले. काकू त्या ताटाकडे बघत राहिल्या. "भरलं ताट सोडून हा माणूस कधी उठलेला नाही गं," त्या मला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी काकांना उपाय सापडला होता. "डीनला हुर्डा खायला बोलवायचा. एकदा हुर्डा खाल्लेला माणूस त्या जमिनीवर खडी टाकूच शकत नाही."

हुर्डा म्हणजे काय, हे मी विचारलं. माझं निदान पुन्हा झालं. मग काकूंनी सांगितलं, ज्वारीचा दाणा कोवळा, दुधाळ असतो तेव्हा कणसं गोवऱ्यांच्या आगटीत भाजायची, तळहातावर चोळायची आणि गरम दाणे चटणीबरोबर खायचे.

"गोवऱ्या?" मी म्हटलं. "इथे?"

सीझनच्या पहिल्याच शनिवारी सकाळी अर्ल पिकअप भरून वाळलेलं शेण घेऊन आला. कशाला म्हणून त्याने विचारलं नव्हतं, डॉकना हवं एवढं पुरे. आजूबाजूला लोक गाड्यांची मागची दारं उघडून सॉसेज भाजत होते आणि त्यांच्या मधोमध आमची शेणाची आगटी! धूर स्टेडियमच्या झेंड्यांपर्यंत गेला. आधी पोलीस आले, मग बंब. मला वाटलं, आता व्हिसा रद्द. पण पोलिसांच्या हातावर काकूंनी गरम दाणे आणि खोबऱ्याची चटणी ठेवली आणि ते तिथेच रेंगाळले. बंबावरच्या माणसांनी टोप्या पुढे केल्या. मी खाली मान घालून कणसं चोळत होते. तळवे भाजले होते, आणि कोणी बघत नाही असं पाहून मी मूठभर तोंडात टाकले. तो दुसरा धक्का. इतकं गोड काही मी मुंबईत कधी खाल्लंच नव्हतं.

अर्ल बराच वेळ चावत राहिला. "म्हणजे जन्मभर हे मी गाईंना घालत आलो?" तो म्हणाला. त्याला खरोखर वाईट वाटलं होतं.

गर्दी वाढली तसे हळदीने माखलेले काका पिकअपवर चढले आणि लोकांना बोलवायला खड्या आवाजात ओरडले, "हुर्डाऽऽ!"

लोकांना वाटलं ही टीमला चेव आणायची आरोळी आहे. त्यांनी उलट आरोळी दिली. "हुर्डाऽऽ!" ती आरोळी दारातून आत गेली, पायऱ्यांवर चढली आणि मॅच सुरू झाली तेव्हा अर्धं स्टेडियम उभं राहून हुर्डा हुर्डा करत होतं. काका रडत होते. हळदीवर दोन ओघळ.

टीम त्या दिवशीही हरली. डीनने तीनदा मागून घेतलं, बोटं पुसली आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "डॉक, फार सुंदर. पण पार्किंगचं ठरलंय."

हिवाळ्यात खडी पडली. संशोधनाला दूर गावाबाहेर दुसरी जमीन मिळाली, पण काकांची निवृत्ती जवळ आली होती. तिथली कणसं ते नुसती मोजत, कुरवाळत नसत. मॅचला मात्र ते गाडी त्या खडीवरच लावत आणि उतरताना पाय जपून टाकत, ओळी तुडवल्या जाऊ नयेत तसे.

आता काका-काकू तिकडे पूर्वेला, एडिसन गावात मुलीकडे असतात. मी पीएच.डी.साठी इथेच राहिले. परवा मॅचला एकटीच गेले होते. शेजारी पिवळी टोपी घातलेल्या एक आजीबाई सगळ्या स्टेडियमबरोबर हुर्डा हुर्डा ओरडत होत्या. मी गप्प आहे हे पाहून त्यांनी मायेने माझा हात थोपटला. "ओरड ना, बाळ! जुना इंडियन शब्द आहे हा. प्रेअरीतल्या आदिवासींची युद्धाची आरोळी."

"इंडियन आहे खरा," मी म्हटलं.

"हो? मग अर्थ काय गं त्याचा?"

मी तोंड उघडलं. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेलं सगळं इंग्रजी हाताशी होतं आणि त्यात हुर्ड्याला शब्द नव्हता. "ज्वारी कोवळी असते ना..." मी मराठीतच सुरू केलं आणि थांबले. भिंतीपलीकडे गाड्यांची टपं उन्हात चमकत होती. मी उभी राहिले आणि ओरडले.

फार हळू झालं, असं आजीबाई म्हणाल्या. पण त्यातला 'र्डा' त्या अख्ख्या स्टेडियममध्ये फक्त माझा बरोबर होता.