दुसरी सीडी

ट्रंकेतले जुने कागद चाळताना आज एक सीडी हाती लागली, वर स्केचपेननं नुसता दोनचा आकडा, आणि मंचरचं ते भाड्यानं सीडी देणारं दुकान आठवलं. तिथं सगळे हिरोचं नाव सांगून पिक्चर मागायचे. मी दिग्दर्शकाचं सांगायचो, आणि त्यावर बोलायला गावात मला कुणीच नव्हतं. तेव्हा एक पिक्चर दोन सीड्यांत यायचा. एका शनिवारी मला हवा तो सापडला, पण अर्धाच. दुकानदार हसला, “पयली एक भाऊ घेऊन गेलाय. त्योबी तुमच्यासारखाच, डायरेक्टर इचारतोय. तुमी दुसरी न्या, सोमवारी दोघं हितंच बदलून घ्या.” मी शेवट आधी पाहिला आणि दोन दिवस मनातल्या मनात त्या माणसाशी वाद घालत बसलो. सोमवारी गेलो तर शटरला कुलूप. शेजारचा म्हणाला, “गाळा सोडला राव त्यानं.” तरी तो पहिल्या सीडीवाला येईल म्हणून कांद्याच्या ट्रकांची धूळ खात मी आमच्या शेवटच्या एसटीपर्यंत तिथंच उभा राहिलो. कुणी आलं नाही. आता तो पिक्चर मोबाइलवर अख्खा आहे. पण पहिला भाग मी अजून पाहिलेला नाही. तो त्याच्याकडून घ्यायचाय.