सव्विसावर थांबलेला आवाज

बाबांचा आवाज माझ्या लॅपटॉपवर आहे. कॉलेजात असताना मी सी भाषेत आवाज साठवणारा प्रोग्राम लिहिला होता. चाचणीसाठी सारसोळ्याच्या घरी त्यांनाच माइकसमोर बसवलं. आधी ते लाजले, मग खाडीवरच्या गप्पा रंगल्या. मध्येच "तुज्या आयेला सांग" एवढं म्हणतात आणि आवाज तुटतो.

बाबा गेल्यापासून आई रोज संध्याकाळी म्हणते, "लाव." आवाज तुटल्यावरही ती स्पीकरकडे तोंड करून बसून राहते. "काय सांगाचा होता त्यांना?" मी तेव्हा ऐकलंच नव्हतं. रेकॉर्ड करताना माझं सगळं लक्ष पडद्यावर धावणाऱ्या आकड्यांत. बाप समोर बोलतोय आणि आमचं कन्यारत्न आकडे बघतंय! पुढे पुढे मला त्या अर्ध्या वाक्याची भीतीच वाटायला लागली. भात ढवळताना, स्कूटी चालवताना ते कानाशी यायचं आणि तिथेच थांबायचं.

परवा घणसोलीच्या प्रोग्रामिंग क्लासमध्ये मी फाइली शिकवत होते. टेक्स्ट फाइल म्हणजे अक्षरांच्या ओळी, बायनरी म्हणजे नुसते आकडे. विंडोजवर बायनरी फाइल 'rb' ऐवजी चुकून 'r' लिहून उघडली, तर सव्वीस हा आकडा आला की प्रोग्रामला वाटतं, संपली फाइल. पुढचं सगळं जागच्या जागी असतं, फक्त वाचलं जात नाही. हे सांगता सांगता माझ्या लक्षात आलं. बाबांचा आवाज वाचणारा प्रोग्राम मीच लिहिलेला, आणि त्यात नुसता 'r' होता. माझ्या त्या फाइलीत शांतता म्हणजे एकशे अठ्ठावीस, आणि आवाज जितका मोठा तितके आकडे त्याच्या खाली-वर लांब जातात; हळू बोलण्याला सव्वीसइतका लहान आकडा येत नाही, आवाज चढला की येतो. म्हणजे बाबा पुढे ओरडले होते.

घरी येऊन तो एक b घातला आणि आईला हाक मारली. काय ऐकावं लागेल, देव जाणे.

"तुज्या आयेला सांग," बाबा म्हणाले, आणि मग स्वतःच आतल्या खोलीतल्या आईला उद्देशून खच्चून ओरडले, "मोटर बंद कर गो! टाकी भरली, पानी वाया चाललाय!" मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि फाइल खरोखरच संपली.

मला हसू आलं, रडूही आलं. आई मात्र हसली नाही. ती झटकन उठून मोरीजवळच्या स्विचपाशी गेली, परत आली आणि लॅपटॉपसमोर उभी राहून म्हणाली, "बंद केली. बोला आता."