रंग उडालेली बरणी

निफाडकडचा माणूस फडक्यात बांधलेला डबा घेऊन आला की आत द्राक्षं असणार, हे नाशिकमध्ये कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून तर मी तो डबा उघडला.

सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात मी नुकतीच शिकवायला लागले होते. दुपारची सुट्टी होती, माझा पोळीभाजीचा डबा अर्धवट खाऊन झाला होता आणि दारात एक उंच, उन्हानं रापलेला माणूस येऊन उभा राहिला. पांढरा सदरा, पायजमा, टोपी, पायांत मातीनं भरलेल्या वहाणा. ‘मी निवृत्ती. हितलाच जुना विद्यार्थी. बी.एस्सी. झूलॉजी,’ असं म्हणून त्यानं डबा माझ्यासमोर ठेवला. ‘कॉलेजसाठी आणलंय, मॅडम.’ मी कौतुकानं फडक्याची गाठ सोडली, झाकण काढलं आणि खुर्चीसकट मागच्या भिंतीला जाऊन टेकले. डब्यात वेटोळं घातलेला साप होता.

‘मेलेला हाय,’ तो शांतपणे म्हणाला. ‘लोकांनी मारला. मी कधी मारत नाय. द्राक्षं बी आणल्यात, ती ह्या पिशवीत.’

आधी डबा आणि मग पिशवी, हा क्रम त्यानं पुढे कधीच बदलला नाही. त्या दिवशी माझी उरलेली पोळी तशीच राहिली. मी प्राणिशास्त्राची पदवी मिळवली होती ती बेडूक आणि झुरळं यांच्या जिवावर. घरात पाल दिसली तरी मी शेजारणीला हाक मारत असे. ही गोष्ट मी विभागात कुणालाही कळू दिली नव्हती, पण निवृत्तीला ती पहिल्याच भेटीत कळली आणि बिचाऱ्यानं ती कुणाला सांगितली नाही.

विभागाला लागून एक लांबट खोली होती. तिला आम्ही मोठेपणानं म्युझियम म्हणायचो. फॉर्मॅलिनच्या बरण्यांत मासे, विंचू, वटवाघूळ, दोन तोंडांचं एक वासरू आणि साप. निवृत्ती आला की थेट सापांच्या फळीपाशी जायचा. मण्यार आणि कवड्या, दोनच बरण्या काढायचा आणि खिडकीच्या उजेडात धरायचा. नाग, घोणस यांच्याकडे तो बघायचासुद्धा नाही. ‘त्यांना कोन बी ओळखतं,’ म्हणायचा. मण्यार अतिविषारी, कवड्या अगदी निरुपद्रवी, आणि दोन्ही दिसायला सारखे, काळसर अंगावर पांढरे पट्टे. फॉर्मॅलिनमध्ये काही वर्षं गेली की मण्याराच्या अंगावरची काळी झळाळी जाते आणि तो मातकट तपकिरी दिसायला लागतो. तसा तो दिसला की निवृत्ती ती बरणी बाजूला काढून म्हणायचा, ‘ह्याचा रंग गेला. टाका. रंग गेलेली बरणी खोटं बोलती मॅडम, त्यापरीस रिकामी फळी बरी.’ मग आणलेला ताजा साप स्वतः धुवायचा, सुईनं फॉर्मॅलिनचं औषध टोचायचा, बरणीत भरायचा. आजूबाजूच्या गावांत त्यानं सांगूनच ठेवलं होतं, पट्ट्याचा साप कुणी मारला तर जाळू नका, मला निरोप द्या.

एवढं झालं की परीक्षा. ‘बोलवा एखादं पोर,’ म्हणायचा. व्हरांड्यातून जो कुणी जात असेल त्याला मी हाक मारायची. निवृत्ती दोन्ही बरण्या त्याच्यासमोर धरून विचारायचा, ‘कोन्ता मण्यार?’ पोरगं चुकलं की हा रागवायचा नाही, पण त्याचा चेहरा असा उतरायचा की त्या पोराला आपण काहीतरी भयंकर केलंय असं वाटावं. ‘लांबून बघू नगं. पाठ बघ, पाठ. कवड्याचे पट्टे मानेपाशी दाट, शेपटीकडं इरत जात्यात. मण्याराचे उलटे, शेपटीकडं ठळक. अन् पाठीच्या मधल्या रांगंतले खवले बघ, मण्याराचे मोठे, सहा कोनाचे. आता सांग.’ बरोबर सांगितलं की द्राक्षांचा अख्खा घड त्या पोराच्या हातात. विद्यार्थ्यांत त्याचं नाव ‘सापवाले काका’ पडलं होतं, आणि द्राक्षांच्या दिवसांत आमच्या व्हरांड्यात विनाकारण गर्दी वाढायची.

आमचे विभागप्रमुख सर मात्र त्याला पाहिलं की कपाळाला आठ्या घालत. ‘बाकीचे माजी विद्यार्थी कॉलेजला पंखे देतात आणि आमचा हा साप देतो,’ ते म्हणत. पंखे खरंच पुष्कळ होते. प्रत्येक पात्यावर देणाऱ्याचं नाव रंगवलेलं असे, त्यामुळे पंखा सुरू केला की देणारा दिसेनासा व्हायचा. निवृत्तीला मी एकदा हसत हसत म्हटलं, ‘निवृत्तीभाऊ, तुम्हीही एक पंखा देऊन टाका म्हणजे सर खूश होतील.’ तो म्हणाला, ‘पंख्यानं पोरांना गार वाटंल. पन ओळखता काय येईल?’ मला ते उत्तर विनोदी वाटलं होतं.

मग एका वर्षी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला. पाहुण्यांना विभाग दाखवायचा होता. सरांनी म्युझियमची दर्शनी फळी मोकळी करवली. सापांच्या बरण्या मागच्या अडगळीच्या खोलीत गेल्या आणि त्यांच्या जागी नामवंत माजी विद्यार्थ्यांचे फोटो लागले. कुणी परदेशात डॉक्टर, कुणी सातपूरच्या कारखान्यात मॅनेजर, कुणी साहेब. फुलांचे हार, अत्तराचा फाया, चहा, बिस्किटं, सगळं यथासांग चाललं होतं. निवृत्तीला बोलावणं गेलंच नव्हतं. तो नेमका त्याच दिवशी आपला डबा घेऊन आला. सूटबूटवाल्या गर्दीतून वाट काढत म्युझियममध्ये शिरला आणि फळीसमोर थांबला.

‘मण्यार कुठाय?’ त्यानं विचारलं. सर पुढे होऊन म्हणाले, ‘आत ठेवलेत. आज पाहुणे आहेत, जरा बरं दिसावं म्हणून.’

इतक्या वर्षांत ज्याचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता तो माणूस ओरडला. ‘बरं दिसावं म्हणून? अहो, हितं बरं दिसाया येत नाय कुनी! हितं ओळखाया येत्यात!’ चहाचे कप हवेतच राहिले. त्याच्या हातातल्या डब्याचं झाकण वाजत होतं. मी पुढे झाले, त्याला दंडाला धरून शेजारच्या प्रयोगशाळेत नेलं आणि स्टुलावर बसवलं. मला वाटलं, अपमान वाटला असणार. बोलावणं नाही, फोटो नाही, वाईट वाटणारच. मी तसं काहीतरी समजुतीचं बोलायला लागले, तर त्यानं मान हलवली आणि सांगितलं.

तो शेवटच्या वर्षाला होता. सुट्टीत घरी गेला होता. पहाटे त्याची आई उठून बसली, अंथरुणातून काहीतरी वळवळत गेलं म्हणाली. दंडाला मुंगी चावल्यासारखं झालं होतं, सूज नाही, दुखणं नाही. भावकीतल्या माणसांनी साप कोपऱ्यात गाठून मारला आणि बॅटरीच्या उजेडात निवृत्तीसमोर धरला. गावातला कॉलेजात शिकणारा तो एकटाच. साप काळाभोर, पट्ट्यांचा.

‘कालिजात मी शिकलो तो मण्यार तपकिरी होता, मॅडम. लय जुनी बरणी होती ती. कवड्या नवीन आणलेला, त्यो काळा. माझ्या डोळ्यांत त्येच बसलेलं. मी बघितलं अन् म्हनलो, कवड्या हाय. काय होत नाय आई, झोप तू.’ त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. ‘लोक म्हनत होते गाडी जुंपू, नाशिकला नेऊ. आईच नाय म्हनली. माझा लेक कालिजात त्येच शिकतो, त्याला कळतं, म्हनली. अन् झोपली.’

पुढचं त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. मण्याराच्या विषानं माणसाला झोप आल्यासारखंच वाटतं, पापण्या मिटत जातात आणि मग श्वास थांबतो, हे मी दरवर्षी वर्गात शिकवत होते. इतकी वर्षं ज्या बरण्यांना मी हसत होते त्या बरण्या काय होत्या ते मला त्या स्टुलासमोर उभं राहून कळलं. मी विचारलं, ‘तुम्हाला कॉलेजचा राग नाही येत?’

तो माझ्याकडे बघत राहिला, जसं काही मीच काहीतरी चमत्कारिक बोलले. ‘राग धरून काय करू? राग धरून घरी बसलो असतो तर त्या बरणीतला तपकिरी मण्यार तसाच राहिला असता नव्हं? पोरं अजून त्योच बघत बसली असती. त्यांना बी आया हायेत.’

त्याच संध्याकाळी मी स्वतः, या हातांनी, सापांच्या बरण्या उचलून परत फळीवर मांडल्या. भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. सरांनी बघितलं आणि फोटो पलीकडच्या भिंतीवर हलवले. तेव्हापासून त्या दोन बरण्यांची जागा कुणी बदलली नाही. बाकी निवृत्ती होता तसाच राहिला. द्राक्षांच्या बागा वाढवल्या, फटफटी घेतली. बायको सुमनबाई सापाच्या नावानं किंचाळायची, म्हणून बरण्या आणि औषध विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत ठेवायचा. ‘घरात माझा निराळा संसार, बरण्यांचा निराळा,’ असं सांगून हसायचा. थट्टेत आम्ही त्याला म्हणायचो, ‘काका, जपून, एखादा जिवंत निघेल.’ आता ती थट्टा आठवली तरी जीभ चावावीशी वाटते.

ऐंशीच्या दशकातला तो पावसाळा होता. मी म्युझियममध्येच होते. दारात एक बाई उभी राहिली. हातात फडक्यात बांधलेली लोणच्याची बरणी. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. कपाळ मोकळं होतं, गळा मोकळा होता. ‘मी सुमन. निवृत्तींच्या घरची,’ ती म्हणाली.

दोन दिवसांपूर्वी पहाटे निवृत्तीला साप चावला होता, झोपेतच. निवृत्तीनं उठून दिवा लावला, साप पाहिला आणि घरच्यांना शांतपणे सांगितलं की हा मण्यार आहे, गाडी काढा. एक क्षणही कुणी दवडला नाही. जीपमध्ये पापण्या जड व्हायला लागल्या तेव्हा त्यानं बायकोचा हात धरला. नाशिकच्या वाटेवरच श्वास गेला. हे सगळं सुमनबाईनं उभ्या उभ्या, कोरड्या आवाजात सांगितलं. मग म्हणाली, ‘गाडीत मला बोलले, साप ताजा हाय, मॅडमला नेऊन दे, लवकर ने, रंग जाईल. आज तिसरा दिवस. मान्सं राख सावडून आली अन् मी मागच्या दारानं निघाले. बाया लय बोलतील. बोलू दे.’

सापाच्या नावानं किंचाळणाऱ्या त्या बाईनं घरच्यांनी मारलेला तो साप स्वतःच्या हातानं बरणीत भरला होता, वर औषध ओतलं होतं आणि मांडीवर घेऊन एसटीतून आणला होता. मी बरणीकडे बघू शकत नव्हते. पण तिनं ती माझ्यासमोर धरली.

‘मॅडम, नीट बघा. मण्यारच हाय ना? ह्यावक्ती त्यांनी बरोबर वळखला ना?’

मी बघितलं. पाठ बघितली, पाठ. मधल्या रांगेतले मोठे, सहा कोनांचे खवले. शेपटीकडे ठळक होत गेलेले पट्टे. काळा, झळझळीत, अजिबात रंग न उडालेला.

‘बरोबर ओळखला,’ मी म्हटलं. तेव्हा ती खाली बसली आणि रडली. मीही तिच्याशेजारी फरशीवर बसले.

ती बरणी मी फळीच्या मधोमध ठेवली, खाली निवृत्तीचं नाव लिहून. काही वर्षं ती छान राहिली. मग व्हायचं तेच झालं. झळाळी गेली, काळा रंग विटला, मण्यार हळूहळू तपकिरी झाला. मला ते दिसत होतं. त्याचा नियमही पाठ होता. पण बरणी उचलायला गेले की हात मागे यायचा, आणि मी स्वतःला सांगायची की ही काही नमुन्याची बरणी नव्हे, ही आठवण आहे, राहू दे.

मला रिटायर व्हायला थोडीच वर्षं उरली असताना एका दुपारी सुमनबाई आली. केस पांढरे झाले होते. हातात फडक्यात बांधलेला डबा आणि खांद्याला द्राक्षांची पिशवी. मला नमस्कार करून ती थेट फळीपाशी गेली, मधली बरणी काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

‘ह्याचा रंग गेला की, मॅडम.’

‘हो.’

‘मग हितं काय करतोय अजून?’

‘सुमनबाई,’ मी म्हटलं, ‘त्यांची आठवण म्हणून ठेवलीय हो.’

तिनं वळून माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मी ओळखत होते. चुकलेल्या पोराकडे बघताना निवृत्तीचा व्हायचा तोच.

‘आठवन माझ्या घरी हाय,’ ती म्हणाली. ‘हितं पोरं शिकत्यात. टाका ह्यो.’

आणि तिनं डब्याच्या फडक्याची गाठ सोडली, पदर खोचला आणि म्हणाली, ‘औषध कुठंशिक ठेवता तुमी? अन् एखादं पोर बोलवा.’

मी व्हरांड्यात जाऊन एका मुलीला हाक मारली.