सुकेळ्याचा अर्धा तुकडा
भाजी घेऊन निघताना केळीच्या सोपात बांधलेल्या सुकेळ्यांचा, म्हणजे उन्हात वाळवलेल्या केळ्यांचा, मधासारखा वास आला आणि यादीत नसलेली तेवढी एकच वस्तू मी घेतली. काही वर्षांपूर्वी ती मी नंदाखाल गावातल्या एका बाईंकडून घ्यायचे. दर रविवारी ओट्यावर बसवून त्या एक सुकेळं मोडायच्या, अर्धं मला द्यायच्या आणि मग आमच्या गप्पा रंगायच्या. नवरा गेल्यापासून माझं मोकळं बोलणं तेवढंच. एकदा आमच्या इमारतीतली एक मुलगी कॉलेजच्या वार्तापत्रासाठी माहिती घ्यायला माझ्याबरोबर आली. बाई तिला हसत म्हणाल्या, "तुमच्या इमारतींच्या टँकरनी आमच्या विहिरींचं पानी पळवलं. पन माझी सुकेळी खातं कोन? तुम्हीच ना!" मुलीने सगळं जसंच्या तसं छापलं. आमच्या इमारतीच्या ग्रुपवर मात्र कोणीतरी बाकीचं कापून फक्त पहिलं वाक्य, बाईंच्या फोटोसकट, पोस्ट केलं आणि लोकांनी त्यांना नाही नाही ते सुनावलं. गावच्या ग्रुपवर तेच वाक्य शाबासकीसह फिरलं. मी पूर्ण बातमी आमच्या ग्रुपवर टाकली आणि ओळखीच्यांकरवी गावच्या ग्रुपवरही टाकायला लावली. एक अंगठा आला आणि भांडण पुढे गेलं. पुढच्या रविवारी बाईंनी पुडी फाटकातूनच दिली. "आज बसायचं नाही का?" मी विचारलं. "नको ताई," त्या म्हणाल्या, "आता कुनाशी बोलायचीच भीती वाटते." त्यानंतर मी गेले नाही. आज घरी येऊन सुकेळं सवयीने मोडलं. अर्धं अजून ताटलीतच आहे.